गार पाण्याने नस फुटत नाही

एप्रिल उजाडला, जळगाव-भुसावळचा पारा ४२-४३ वर गेला, की तो मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरायला लागतो. यंदा माझ्याकडे तो तीन वाटांनी आला: नातेवाइकांकडून, कॉलनीच्या ग्रुपवरून आणि माझ्याच एका विद्यार्थ्याकडून. मजकूर थोडक्यात असा: उन्हातून आल्यावर गार पाणी पिऊ नका, मेंदूतल्या बारीक नसा फुटतात, अर्धा तास हातपाय-तोंड धुऊ नका, बाहेर जाताना खिशात कांदा ठेवा, कूलर-एसीने शरीर बिघडतं, पंखा पुरे, आणि शेवटी, आपण खान्देशी माणसं, आपल्याला ऊन काही नवं नाही. मध्ये कुणा डॉक्टरच्या मित्राची गोष्ट असते. तो उन्हातून आला, पाय धुतले आणि जागीच कोसळला. डॉक्टरचं नाव नसतं, गावाचंही नसतं.

मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. हा मेसेज मला सोडून देता येत नाही, कारण गेल्या मे महिन्यात त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. चोपड्याकडे एका नातलगाच्या मळ्यात केळीचे घड गाडीत भरणारा एक मजूर गरगरून खाली बसला. एकाने माठातलं पाणी आणलं, तर दुसऱ्याने त्याचा हात धरला: "थंडं पानी नको देऊ रे भो, नस फुटी जाई!" मी पोहोचेपर्यंत वीसेक मिनिटं तो माणूस कोरड्या घशाने बांधावर बसून होता. पाणी पाजलं, अंगावर ओलं फडकं फिरवलं, तेव्हा सावरला. ज्याने हात धरला त्याला त्याच्या जिवाची काळजीच होती. म्हणूनच मुद्द्यांना उत्तर देतो.

पहिला मुद्दा नस फुटण्याचा. गारव्याने रक्तवाहिनी आकसते, कारण तिच्या भिंतीतले स्नायू आवळतात. आकसणं म्हणजे फुटणं नव्हे. शिवाय प्यायलेलं पाणी मेंदूत जात नाही, अन्ननलिकेतून जठरात जातं आणि वाटेतच कोमट होऊ लागतं. आता हिशोब करा. फ्रीजमधलं ५ अंशांचं अर्धा लिटर पाणी ३७ अंशांपर्यंत तापायला १६ किलोकॅलरी उष्णता लागते. ६० किलोच्या माणसाचं शरीर एका अंशाने थंड व्हायला साधारण ५० किलोकॅलरी बाहेर पडाव्या लागतात. म्हणजे ते सगळं पाणी गटागटा प्यायलं तरी शरीर फार तर एक तृतीयांश अंशाने निवेल. एवढ्याने धडधाकट माणसाच्या मेंदूतली वाहिनी फुटत नाही.

यात खरं किती, तेही सांगतो. फार गार पाण्याने काहींचं कपाळ क्षणभर ठणकतं. क्वचित कुणाच्या हृदयाचे ठोके गार पेयाने अनियमित होतात, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ज्याला ठोक्यांचा त्रास आधीपासून आहे त्याने घोट घोट प्यावं, बर्फाचं टाळावं. पण या सावधगिरीवरून गावभर पाणीबंदी लावता येत नाही.

आता सगळ्यात ठाम पुरावा. कष्टाने किंवा धावण्याने होणाऱ्या उष्माघातावर आज जगभर मान्य असलेला सर्वोत्तम उपचार म्हणजे रुग्णाला बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात गळ्यापर्यंत बसवणं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फाल्मथ इथे दर उन्हाळ्यात रस्त्यावरची धावण्याची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण असे थंड केले गेले, आणि त्यांतला एकही दगावला नाही. हा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ४० अंशांच्या वर तापलेली ही शरीरं थेट बर्फाच्या पाण्यात गेली होती. मेसेज खरा असता तर तिथे प्रेतांची रांग लागली असती. उलट उष्माघातात पहिला अर्धा तासच मोलाचा असतो. तेवढ्यात शरीर थंड झालं तर मेंदू, यकृत, मूत्रपिंडं वाचतात. मेसेज नेमका तोच अर्धा तास वाया घालवायला सांगतो. माणूस बरळू लागला, शुद्ध हरपू लागली तर तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाईल. अंगावर ओता, वारा घाला आणि गाडी बोलवा.

मग पाणी गारच प्यावं का? यावरचं एक संशोधन मला फार आवडतं. कॅनडातल्या ओटावा इथे ऑली जे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की व्यायाम करताना गरम पेय प्यायलेल्यांच्या शरीरात उष्णता कमी साठली! पोटातल्या संवेदकांना ऊब लागते, घाम वाढतो आणि तो वाढीव घाम पेयाबरोबर आलेल्या उष्णतेपेक्षा जास्त उष्णता घेऊन जातो. बर्फगार पाण्याने उलट घाम थोडा घटतो. अट एकच: घाम पूर्ण वाळला पाहिजे, अंगावरून ठिबकून चालणार नाही. आमच्या कोरड्या मे महिन्यात तो वाळतो. म्हणजे मळ्यावर भर दुपारी चहा घेणाऱ्या बापूंना हसायचं कारण नाही. पण गरम पाणी माणूस पोटभर पीत नाही, आणि उन्हात किती प्यायलं जातं हे जास्त महत्त्वाचं. म्हणून माझं मत माठाच्या बाजूने आहे. घशाला सुखावणारा गारवा असला की दोन पेले जास्त जातात. माठ गार होतो तोही आपल्यासारखाच, पाझरून आणि वाळून.

कांद्याचं उत्तर एका ओळीचं. खिशातला कांदा शरीरातून काहीही शोषत नाही. तो भाकरीबरोबर खा.

पंख्याचा मुद्दा मात्र धोक्याचा आहे आणि तो मुख्यतः आपल्यासारख्या कोरड्या मुलखालाच लागू पडतो. तापलेल्या माणसाची त्वचा साधारण ३५ अंशांची असते. हवा त्याहून गरम झाली की वारा अंगातली उष्णता नेत नाही, आणून टाकतो. वाऱ्याने घाम वाळतो हा फायदा, पण कोरड्या हवेत घाम तसाही लगेच वाळतो. २०१९ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी हेच तपासलं. ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत पंख्याने फायदा झाला; ४७ अंश आणि १० टक्के आर्द्रतेत पंख्याने शरीर जास्त तापलं, हृदयावरचा ताण वाढला. दुसरी जोडी वाचताना मला भुसावळची मे महिन्यातली दुपार दिसते. पत्र्याच्या घरात म्हाताऱ्या आईला पंख्याखाली निजवून मुलं निर्धास्त कामाला जातात. तिच्या अंगावर ओलं लुगडं किंवा ओला पंचा असेल तर तोच पंखा उपयोगाचा. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तर आपल्या हवेसाठीच आहे, त्याने शरीर बिघडत नाही.

आता "आपल्याला सवय आहे". सवय खरी आहे, पण ती जन्मगावाने मिळत नाही. एक-दोन आठवडे रोज उन्हात राबल्यावर रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर आणि जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं. थोडे आठवडे उन्हापासून दूर राहिलं की हे सगळं ओसरतं. पुण्याच्या एसी ऑफिसातून लग्नाला आलेला धुळ्याचा मुलगा शरीराने परगावचाच. आणि सवय झालेला माणूस घाम जास्त गाळतो, म्हणजे त्याला पाणी जास्त लागतं. मेसेज वाचून लोक उलटं धरून बसतात.

सवयीलाही मर्यादा आहे. २०१० पासून वेट बल्ब, म्हणजे उष्णता आणि दमटपणा एकत्र दाखवणाऱ्या ओल्या फडक्याच्या तापमापकावरचे ३५ अंश ही माणसाची कमाल सीमा मानली जायची. २०२२ मध्ये पेनसिल्वेनिया राज्य विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा दमट हवेत शरीराचं तापमान न थांबता चढायला सुमारे ३१ अंशांवरच सुरुवात झाली, आणि उष्ण-कोरड्या हवेत २५ ते २८ वरच, कारण तिथे घाम गाळण्याची ताकदच अपुरी पडते. ४५ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या हवेत वेट बल्ब २५ च्या आसपास असतो. हे तरुणांचे आकडे आहेत आणि तेही हलक्या हालचालीचे. घड उचलणाऱ्याचे नाहीत, सत्तरीच्या आजीचेही नाहीत.

मेसेज पाठवणारा माझा विद्यार्थी हुशार आहे. "उष्णतेत त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात" हे वाक्य त्याने परीक्षेत बिनचूक लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळवले होते. दोष आमच्या शिकवण्यात आहे. वाक्य देतो, प्रमाण देत नाही. जोएल मायकेल आणि जेनी मॅकफार्लंड यांनी २०११ मध्ये प्राध्यापकांना विचारून या विषयाची पंधरा मूलतत्त्वं मांडली; समस्थिती (शरीर आतली स्थिती कायम राखतं ते) आणि उताराच्या दिशेने होणारं वहन (उष्णता किंवा द्रव जास्तकडून कमीकडे जातो ते) त्यांतलीच. ती दोन जरी मुलांच्या अंगवळणी पडली असती तरी मेसेज पुढे गेला नसता.

मी त्याला रागावलो नाही. फळ्यावर दोन आकडे लिहायला लावले. अर्धा लिटर गार पाणी पोटात तापताना १६ किलोकॅलरी घेतं. तेच अर्धा लिटर घाम होऊन पूर्ण वाळलं तर जवळपास २९०. तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "सर, मग तो मित्र कोसळला कशाने?"

मी म्हटलं, गोष्ट खरी धरू. एरवी त्वचेला मिनिटाला अर्धा लिटरही रक्त लागत नाही. तीव्र उष्णतेत ते सहा ते आठ लिटरांपर्यंत जातं. वर घामाने द्रव घटलेला. उन्हातून आलेला माणूस चालायचा थांबतो, उभा राहतो, पायांत रक्त उतरतं, हृदयाकडे परत जायला उरत नाही, दाब पडतो. नळ उघडला नसता तरी तो पडलाच असता. आडवं करून पाय उंच करायला हवे होते, आणि शुद्धीवर आल्यावर पाणी.