आजीच्या माश्या आणि माझा लेख: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

डोळ्यांपुढे अचानक दिसू लागणाऱ्या ठिपक्यांवर आणि चमकांवर मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांसाठी तिचा गाभा इथे देते. "बाई, शाळेत विज्ञान शिकवता म्हणून डॉक्टर झालात का? आमच्या आजीला कित्येक वर्षं डोळ्यांपुढे माश्या दिसायच्या, ती शेवटपर्यंत तांदूळ निवडत होती. लोकांना घाबरवून डॉक्टरांची घरं भरू नका." त्यापुढे मायग्रेनवर दोनच ओळी का, शीर्षक भडक आहे, चष्म्याची दुकानं, त्रिफळा असं बरंच काही आहे.

शीर्षक भडक होतं हे मान्य. सकाळीच बदललं. पण "डॉक्टरांची घरं भरू नका" हे आपण कशाच्या जोरावर लिहिलंत? माझ्या लेखात एकाही दवाखान्याचं नाव नाही, एकाही औषधाचं नाव नाही. मतभेद असतील तर जरूर मांडा, माझी हरकत नाही. माझ्या हेतूवर मात्र पुरावा नसताना बोट ठेवू नका. समोरासमोर आपण असं बोलला असतात का, हा प्रश्न स्वतःलाच विचारून बघा.

आता आजींकडे वळू, कारण अख्ख्या प्रतिक्रियेत उत्तर देण्याजोगं तेवढं एकच वाक्य आहे. डोळ्याच्या आत पारदर्शक, दाट द्रव भरलेला असतो आणि तरुणपणी तो मागच्या पडद्याला चिकटून असतो. वय वाढलं की तो पातळ होतो, आक्रसतो आणि बहुतेकांमध्ये पन्नाशीनंतर कधीतरी पडद्यापासून सुटतो. त्यातल्या तंतूंची सावली पडद्यावर पडते. तीच माशी, तेच जाळं. आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे बघितलं की ते ठळक दिसतं, नजर फिरवली की पाठोपाठ सरकतं. वर्षानुवर्षं आहे तसंच असेल तर त्यात धोका नाही. हे मी लेखात दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय. तुम्ही तिथपर्यंत वाचलंच नाहीत.

माझा लेख जुन्या माशीवर नव्हताच, नव्या माशीवर होता. काल नव्हते आणि आज अचानक दहा-वीस ठिपके आले, किंवा काजळी उडाल्यासारखं दिसू लागलं, तर ती गोष्ट वेगळी, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायची. हा द्रव सुटताना एखाद्या जागी घट्ट चिकटलेला असला की पडद्याला ओढतो. पडद्याला दुखत नाही. ओढ बसली की तो फक्त प्रकाश दिसल्याचा निरोप मेंदूला धाडतो, म्हणून अंधारात डोळा फिरवताना कडेला वीज लवल्यासारखं होतं. ओढ फारच झाली तर पडदा फाटतो. ठिपके आणि चमका अशा अचानक सुरू होतात, तेव्हा साधारण दहातल्या एकाच्या पडद्याला फट सापडते. त्या फटीतून पाणी मागे शिरलं की ओल धरलेल्या भिंतीचा रंग पापुद्र्यानं सुटावा तसा पडदा सुटत जातो. मायनस नंबर मोठा असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा डोळ्याला मार बसलेला असेल, तर धोका आणखी वाढतो. तालमीत जाणाऱ्या पोरांच्या आईबापांनी हे शेवटचं ध्यानात ठेवावं.

फट वेळेत सापडली तर लेसरनं तिच्या कडा डागून बंद करतात आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. पडदा सुटल्यावर मोठं ऑपरेशन लागतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डोळ्यांचे डॉक्टर ज्युल गोनँ यांनी 1920 च्या दशकात ही फटच मूळ आहे आणि ती बंद केली तर पडदा बसतो हे दाखवून दिलं. त्याआधी पडदा सुटला की तो डोळा जवळजवळ गेलाच म्हणून समजत.

तुम्ही आजींचा दाखला दिलात, मी वडिलांचा देते. ते मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. रात्री अंथरुणात कूस बदलताना कडेला चमकतंय, असं म्हणाले. ओळखीच्या डॉक्टरांनी बीपी असेल म्हणून गोळी दिली. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला, तो तोच निघाला. दुखत नव्हतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग नाकाच्या बाजूनं खालून काळी सावली चढू लागली, आणि एका दुपारी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, लिहिताना ते म्हणाले, "ही रकान्याची रेघ मध्येच वाकलीय." पडद्याचा मधला, बारीक नजरेचा भाग तोवर सुटायला लागला होता. ऑपरेशन झालं, दिवसेंदिवस उशीवर कपाळ टेकून पालथे पडून राहिले, पडदा बसलाही. पण त्या डोळ्यानं पट्टीवरचा आकडा त्यांना पुन्हा कधी वाचता आला नाही. घाबरवणं म्हणता ते हेच असेल, तर त्या वेळी आम्हाला कुणीतरी घाबरवायला हवं होतं.

मायग्रेनमध्ये दिसणाऱ्या चमकांवर लेखात दोनच ओळी लिहिल्या, कारण दोन पुरतात: नागमोडी, लखलखती रेघ हळूहळू पसरते, साधारण वीस मिनिटं ते तासाभरात विरते आणि आळीपाळीनं एकेक डोळा झाकला तरी दोन्हींत दिसते. पहिल्यांदाच दिसली तर तीही दाखवून घ्यावी. एकाच डोळ्याला काही मिनिटं अंधारी येऊन गेली तर तो अर्धांगाचा इशारा असू शकतो. डोळा लाल होऊन ठणकतोय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत, उलट्या होतायत, तर काचबिंदूचा झटका असू शकतो. या दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही. शुगरवाल्यांना अचानक काळे धागे दिसले तर त्यांनीही त्याच दिवशी जावं.

पैशांचं म्हणाल तर कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढूनही डोळे दाखवता येतात. बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा कडेपर्यंत बघायला सांगा. नुसता नंबर तपासून यातलं काही कळत नाही. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा स्वतः गाडी चालवू नका.

आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही, माझ्यावरची टीकाही जशीच्या तशी राहील. त्यातलं "त्रिफळ्याच्या पाण्यानं आठवडाभर डोळे धुवा, ठिपके जातात" हे वाक्य तेवढं खोडलंय. पडद्याला फट पडलेला कुणी ते वाचून आठवडाभर थांबला, तर त्याला उत्तर तुम्ही देणार नाही आणि मलाही देता येणार नाही.