व्हेंटिलेटर काढणं म्हणजे हत्या, असं सगळे धर्म म्हणतात का?

आयसीयूत कुणी अत्यवस्थ असलं की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो: ‘व्हेंटिलेटर काढणं म्हणजे इच्छामरण, इच्छामरण म्हणजे हत्या, कोणताही धर्म याला परवानगी देत नाही. संथारा (जैनांचं मरणापर्यंतचं उपवासव्रत) ही तर उघड आत्महत्याच. आणि कायद्यानेही हा गुन्हा आहे.’ आधीच खचलेल्या घरावर यामुळे पापाचं ओझं पडतं, म्हणून एकेक विधान तपासू.

‘कोणताही धर्म परवानगी देत नाही.’ विषारी इंजेक्शन देऊन जीव घेण्याबाबत हे बरंचसं खरं आहे. कॅथलिक चर्च, हलाखा म्हणजे ज्यूंचा धर्मकायदा आणि फिक्ह म्हणजे इस्लामी धर्मकायदा, तिघेही त्याला नकार देतात. उपचार थांबवण्याबाबत मात्र ते खरं नाही. पोप पायस बारावे यांनी नोव्हेंबर 1957 मध्ये भूलतज्ज्ञांसमोर सांगितलं, की साधारण उपचार घेणं कर्तव्य आहे, असाधारण उपचार घेणं नाही. आशा उरली नसेल तर श्वसनयंत्र थांबवता येतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी वेदना शमवण्यासाठी मॉर्फिनसारखी औषधं देण्यासही मान्यता दिली होती, आयुष्य थोडं कमी झालं तरी. हेतू मारण्याचा नसावा, एवढी अट.

ज्यू परंपरेतली चर्चा सगळ्यात बारकाईची. सोळाव्या शतकात क्राकोचे रब्बी मोशे इसर्लिस यांनी लिहिलं, की मरणासन्न माणसाच्या डोक्याखालची उशी ओढून घेऊ नये, कारण त्याने मृत्यू लवकर येईल. पण बाहेर कुणी लाकडं फोडत असेल आणि त्या आवाजाने प्राण अडकला असेल, तर तो आवाज थांबवावा. प्राण अडवून ठेवणारं जिभेवरचं मीठही काढावं. अडथळा दूर करणं वेगळं, ढकलणं वेगळं. इस्राएलच्या 2005 च्या कायद्यात हाच भेद दिसतो. सलग चालणारं यंत्र बंद करता येत नाही, पण डायलिसिससारखा टप्प्याटप्प्याचा उपचार पुन्हा सुरू न करण्याची मुभा आहे. म्हणून व्हेंटिलेटरला टायमर जोडून त्यालाही टप्प्याटप्प्याचा उपचार बनवण्याची वाट त्यात ठेवली आहे. खरा वाद अन्नपाण्याच्या नळीवर आहे. चर्च आणि हलाखा दोघेही ती सहसा काढू देत नाहीत, हे ‘सगळं चालतं’ म्हणणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं.

इस्लामी फिक्ह अकादमीने 1986 मध्ये अम्मानला ठराव केला: मेंदू कायमचा निकामी झाल्याचं तज्ज्ञांनी ठरवलं, तर हृदय यंत्रावर चालू असलं तरी यंत्र काढता येतं.

हिंदू धर्मशास्त्रात एकच एक मत नाही. आत्महत्येचा निषेध ठळक आहे, तरी ज्याच्यावरचे उपचार वैद्यांनी सोडले आहेत अशा अतिवृद्धाला अत्रिस्मृती अपवाद करते. पुढच्या निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे संकलनग्रंथ लिहिणाऱ्यांनी, तोच अपवाद कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध गोष्टींत, टाकला.

‘संथारा ही आत्महत्याच.’ तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात सल्लेखनेचे, म्हणजे संथाऱ्याचेच, पाच अतिचार, म्हणजे व्रत बिघडवणारे दोष, दिले आहेत. त्यांतला दुसरा ‘मरणाशंसा’: लवकर मरण यावं अशी इच्छा. म्हणजे मरणाची ओढ धरली की व्रत डागाळतं. नैराश्यातून आलेली मरणेच्छा तर यात मुळीच बसत नाही. तिथे लागते ती मदत (टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास). जैन आचार्य समंतभद्रांनीही सल्लेखनेसाठी दुष्काळ, म्हातारपण, उपाय नसलेला रोग अशा अटी घातल्या. हा भेद व्यवहारात पाळला जातो का, दबाव येतो का, हे प्रश्न रास्त आहेत आणि विचारलेच पाहिजेत. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये संथाऱ्याला आत्महत्या ठरवलं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मेसेजमध्ये पहिलाच निकाल फिरतो.

‘कायद्याने गुन्हा.’ नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी उपचार थांबवण्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या दस्तऐवजावर (लिव्हिंग विल) सज्ञान व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यायचं. वेळ आल्यावर रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ आणि नंतर दुय्यम मंडळ, प्रत्येकी तीन डॉक्टरांचं, शक्यतो 48 तासांत मत देतं. मग दंडाधिकाऱ्यांना कळवून अंमल होतो. असा दस्तऐवज नसेल तरी कुटुंबाच्या संमतीने दोन्ही मंडळांची वाट खुली आहे. गाडी अडते ती कागद कपाटात राहिल्याने. त्यात नावं दिलेल्या नातेवाइकांना, घरच्या डॉक्टरांना आणि महापालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला प्रत द्या. अन्नपाण्याच्या नळीबद्दल तुमची श्रद्धा काय सांगते, तेही त्यात स्पष्ट लिहा. डॉक्टरांना ते अंदाजाने ठरवता येत नाही.