रिमोट मांडीखाली ठेवणारे आजोबा

आज दुपारी भाच्याने माझ्या डोळ्यांदेखत जीन ऑट्री या जुन्या अमेरिकन चित्रपटांतल्या गाणाऱ्या काउबॉयचे गाणे पुढे ढकलले. १९३९ सालच्या ‘साउथ ऑफ द बॉर्डर’ची डीव्हीडी मी मोठ्या हौसेने लावली होती आणि ऑट्रीने पहिला सूर लावला न लावला तोच, “मावशी, गोष्ट पुढे सरकतच नाहीये,” असे म्हणून या पठ्ठ्याने बटण दाबले. तेव्हा मी काही बोलले नाही. बोलले असते तर चहा कोणालाच गोड लागला नसता.

अमेरिकेत डॅलसला असताना आमच्या शेजारी एक आजोबा राहत असत. लहानपणी दर शनिवारी त्यांनी थिएटरात हे गाणारे काउबॉय पाहिले होते आणि म्हातारपणी त्याच चित्रपटांच्या डीव्हीडी ते मला बोलावून दाखवत. गाणे जवळ आले की ते रिमोट अलगद मांडीखाली सरकवत. पहिल्यांदा मला तो विसराळूपणा वाटला; ती खबरदारी होती, हे पुढे कळले.

गाण्यामुळे गोष्ट थांबते, असे म्हणणाऱ्यांनी ऑट्रीची १९३५ सालची ‘द फँटम एम्पायर’ ही बारा भागांची मालिका एकदा पाहावी. जमिनीखाली अख्खे यंत्रनगर आहे, तिथे जिवावर बेतते आहे, आणि तरीही या गड्याला रोज वर येऊन रेडिओवर गायचेच आहे, कारण गाणे चुकले तर रँच हातची जाणार. ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’ या चित्रपटात खासदार झालेला रॉय रॉजर्स, हाही गाणारा काउबॉयच, दुष्काळी भागाला पाणी मिळावे म्हणून आपल्या सहकाऱ्यांना धुळीच्या वादळांची चित्रफीत दाखवतो, आणि तिच्यासोबत गातो. आता यातून गाणे काढा आणि काय उरते ते मला सांगा! आपल्या संगीत नाटकातला नायक मरणाच्या दारात पद आळवतो तेव्हा आपण ‘वन्स मोअर’ देतो, मग घोड्यावर बसलेल्या माणसाने गायले की हसू का यावे?

ही कापाकापी भाच्याने सुरू केलेली नाही, हेही खरे. पन्नासच्या दशकात टीव्हीच्या एका तासात जाहिरातींसह बसावेत म्हणून यांतले कितीतरी चित्रपट सुमारे ५४ मिनिटांवर आणले गेले आणि त्यात गाणीही गेली. तशाच लांड्या प्रती पुढे स्वस्त डीव्हीडींवर आल्या. आजोबांकडे अशी एक होती. जिथे गाणे असायला हवे होते तिथे नुसता सांधा होता. चित्र उडी मारून पुढे गेले तेव्हा त्यांनी रिमोट मांडीखालून काढला, टीव्ही बंद केला आणि गाळलेले गाणे स्वतःच म्हटले. सूर बेताचाच होता, पण एकही कडवे चुकले नाही.

कथानके साच्यातली आहेत आणि मेक्सिकन माणसांचे चित्रण पुष्कळदा ओशाळवाणे आहे, हे मान्य. त्यावर वाद घालण्याची माझी तयारी नाही.

आज भाच्याने ढकलली ती तबकडी आजोबांनीच मला निघताना दिलेली होती. त्याला ते ठाऊक नव्हते, मीही कधी सांगितले नव्हते, त्यामुळे रागाचा अर्धा वाटा माझ्याकडेच येतो. जाताना चपला घालता घालता त्याने विचारले, “तो घोडा भारी होता गं, नाव काय त्याचं?” चॅम्पियन, मी तुटकपणे सांगितले. रविवारी ये, असेही म्हणाले. रिमोटबद्दल मात्र काही बोलले नाही.