बायबलवर उभी अमेरिका? दादा, एकदा घटना वाच

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘अमेरिका ख्रिश्चन राष्ट्र म्हणूनच जन्माला आली. तिची घटना बायबलवर उभी आहे, म्हणून तर डॉलरवर देवाचं नाव आहे. 1962 मध्ये नास्तिकांनी शाळेतली प्रार्थना बंद पाडली आणि देश घसरला. आता ख्रिसमसच्या शुभेच्छा द्यायचीही चोरी. पण सगळे ख्रिश्चन एक होऊन कन्झर्व्हेटिव्हांच्या मागे उभे राहिलेत.’ पाठवणारा माझा मावसभाऊ, ह्यूस्टनजवळ राहणारा. खाली त्याची टीप: ‘धर्म असा सांभाळतात, शिका काहीतरी.’ दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर सोडून दिलं असतं.

1787 ची मूळ घटना एका बैठकीत वाचून होते. त्यात बायबल नाही, ख्रिस्त नाही. ‘प्रभूचं वर्ष’ एवढे शब्द येतात, तेही शेवटी तारीख घालताना, त्या काळच्या रिवाजाने. उलट सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की सरकारी पदासाठी धर्माची अट कधीही घालता येणार नाही.

एवढ्याने पटत नसेल तर ट्रिपोलीचा तह काढा. चाच्यांच्या त्रासातून जहाजं सोडवायला उत्तर आफ्रिकेतल्या ट्रिपोलीशी 1796 मध्ये केलेला. त्याच्या अकराव्या कलमात म्हटलंय की अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिश्चन धर्मावर स्थापन झालेलं नाही. सिनेटने तो 7 जून 1797 रोजी एकमताने मंजूर केला आणि सही केली अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकीच एकाने. अरबी प्रतीत हे कलम नाही, असं कुणीतरी सांगेलच. नाहीच आहे. पण सिनेटने मंजूर केली ती इंग्रजी प्रत, आणि तिच्यात आहे.

धर्म आणि सरकार वेगळं ठेवा, हा हट्टही नास्तिकांचा नव्हता. व्हर्जिनियात परवाना न घेता प्रवचन केलं म्हणून बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या प्रचारकांना तुरुंगात टाकत होते. सरकारी चर्चचा जाच त्यांनी स्वतः सोसला होता. जेफरसन अध्यक्ष झाल्यावर जॉन लेलँड हे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावाहून चीजचा 1,235 पौंडांचा गोळा त्यांच्या भेटीला घेऊन गेले. पाचशे साठ किलो चीज! 1 जानेवारी 1802 ला ते जेफरसनना भेट दिलं, आणि त्याच दिवशी त्यांनी डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना ते पत्र लिहिलं, ज्यात चर्च आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख आहे.

बरं, मेसेजमध्ये तथ्य अजिबातच नाही असं म्हणता येत नाही. लोक बहुतेक प्रॉटेस्टंट होते, आणि काही राज्यांचं स्वतःचं अधिकृत चर्च होतं: कनेक्टिकटमध्ये 1818 पर्यंत, मॅसॅच्युसेट्समध्ये 1833 पर्यंत. पण लेलँड भांडत होते ते याच व्यवस्थेशी.

डॉलरचं म्हणाल तर ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ पहिल्यांदा आलं 1864 च्या दोन सेंटच्या नाण्यावर, कागदी नोटांवर 1957 पासून. सोव्हिएत रशियाशी शीतयुद्ध चालू होतं, आम्ही देव मानणारे हे दाखवायचं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 1962 च्या निकालाने बंद झाली ती न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने स्वतः रचलेली 22 शब्दांची प्रार्थना. मुलांनी मनाने हात जोडायला तेव्हाही बंदी नव्हती, आजही नाही. ख्रिसमसवर खरी बंदी आली होती, पण 1659 मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या कडव्या ख्रिश्चन प्युरिटनांनी घातलेली. सण साजरा केला तर पाच शिलिंग दंड.

आणि ‘सगळे ख्रिश्चन’ म्हणजे कोण? 2016 मध्ये ट्रम्पना दहातल्या आठांनी मत दिलं ते गोऱ्या इव्हँजेलिकलांनी, म्हणजे बायबलचा शब्द अंतिम मानणाऱ्या, धर्मप्रचारावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंटांनी. कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंट तितक्याच श्रद्धेने चर्चला जातात आणि बहुसंख्येने डेमोक्रॅटांना मत देतात. मार्टिन ल्यूथर किंग बॅप्टिस्ट पाद्रीच होते. देश घसरल्याच्या त्याच काळात, 1964 मध्ये, नागरी हक्कांचा कायदा झाला हेही मेसेजवाले विसरतात.

पण माझा खरा संताप वेगळाच आहे. दादाच्या घरापासून जवळच, शुगर लँडच्या अष्टलक्ष्मी मंदिरात 2024 मध्ये 90 फुटी हनुमान उभा राहिला. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर डंकन या टेक्ससमधून सिनेटची रिपब्लिकन उमेदवारी मागणाऱ्याने जाहीरपणे विचारलं की खोट्या हिंदू देवाचा हा खोटा पुतळा आपण इथे का चालवून घेतोय? कारण काय दिलं? आपण ख्रिश्चन राष्ट्र आहोत! म्हणजे मेसेजची पहिली ओळ, जशीच्या तशी. त्याच 2025 मध्ये टेक्ससने कायदा केला की सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा निदान 16 बाय 20 इंचांचा फलक लावायचा. माझ्याखेरीज दुसरा देव मानू नकोस, मूर्ती करू नकोस, हे त्यावर सुरुवातीलाच. दादाची मुलगी सरकारी शाळेतच जाते. या कायद्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या पालकांत ख्रिश्चन आहेत, ज्यू आहेत, हिंदूही आहेत.

दादा दर शनिवारी त्या मारुतीला जातो. हा मेसेज देवळाच्या ग्रुपवर टाकलास का, म्हणून मी विचारलं. निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही.