लोकांच्या घरी २६ दिवस

आज सकाळी भाजी घ्यायला गंगापूर रोडला गेले होते. तिथे ओळखीच्या एक ताई भेटल्या. मी अंदमानहून आलेय हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. म्हणाल्या, "आम्ही पाच रात्री सहा दिवसांत केलं की गं अंदमान. सगळे पॉइंट झाले. तू सव्वीस दिवस काय करत होतीस? आणि तेही लोकांच्या घरी?"

मेथीची जुडी हातात तशीच राहिली. काही बोलले नाही, पैसे देऊन निघाले. आता दुपारचे तीन वाजलेत, तरी ते दोन शब्द डोक्यातून जात नाहीत. लोकांच्या घरी.

अहो, ते माझ्या सख्ख्या बहिणीचं घर आहे. आठ वर्षांनी लहान माझ्याहून. तिच्या वेण्या घालून तिला शाळेत सोडायचे मी. तिचं घर कधीपासून "लोकांचं" झालं?

सव्वीस दिवस काय केलं ते सांगते. पण आधी बादलीचं सांगते, कारण माझ्यासाठी सगळी सहल त्या बादलीपाशी सुरू झाली.

पोर्ट ब्लेअरला (२०२४ मध्ये नाव श्री विजयपुरम झालंय, पण घरात आणि बाजारात अजून पोर्ट ब्लेअरच चालतं) फेब्रुवारीपासून पाण्याचे हाल सुरू होतात. पाऊस आपल्या नाशिकच्या कितीतरी पट, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पण सगळा डोंगरउतार, पडलेलं पाणी सरळ समुद्रात. शहराची मुख्य मदार एका धनीखारी धरणावर. बहिणीकडे एक दिवसाआड पाणी यायचं. ड्रम, टाकी, पातेली, कळशा, सगळं भरून ठेवायचं. पहिले दहा दिवस मला हे कळूच दिलं नाही तिने. रोज सकाळी माझ्यासाठी गरम पाण्याची बादली तयार. जेवायला रोज मासे, नारळाच्या वड्या, वर "ताई, अजून घे ना" असा आग्रह. मी पण पाहुण्यासारखी "पुरे गं, किती करतेस" म्हणत बसलेली. दोघी इतक्या गोड बोलत होतो की परक्या वाटाव्यात.

अकराव्या दिवशी मी केस धुतले आणि दोन बादल्या संपवल्या. बाहेर आले तर ही दारात उभी. "ताई, दोन बादल्या? इथं बाळंतिणीला पण एकच मिळते! उद्या दुपारपर्यंत पाणी नाहीये घरात!" असा आवाज चढवला की शेजारची बाई खिडकीत आली. मला राग आला. अर्धा दिवस आम्ही बोललो नाही. माझ्या मनात आलं, उद्याच तिकीट बदलून घ्यावं.

पाच रात्री सहा दिवसांत अकरावा दिवस येत नाही, ताई. एवढंच म्हणायचं होतं मला सकाळी.

लहानपणी मे महिन्यात आम्ही निफाडला मामाकडे जायचो. दीड महिना. तिथे आम्हाला कुणी "पॉइंट" दाखवले नाहीत. कांदा चाळीत भरायचे दिवस असायचे, मामी आम्हालाही फाटक्या बारदानावर कांदे निवडायला बसवायची. चुकलं तर तिच्या पोरांबरोबर आमच्याही पाठीत धपाटा. त्या धपाट्यामुळे ते घर आपलं होतं. आज मामाच्या घरी दोन तासांसाठी जातो, पेढ्यांचा पुडा ठेवतो, ताटातला एक लाडू खातो आणि "निघतो, ट्रॅफिक लागेल" म्हणून उठतो. मामी ऐंशीची झालीय. फाटकापर्यंत येते सोडायला. तिला काय वाटत असेल?

रजा मिळत नाही, हे मान्य. मी पंधरा दिवस बिनपगारी घेतले, सगळ्यांना नाही परवडत. आणि पाहुणा आला की घरच्या बाईचं कंबरडं मोडतं, तेही खरंय. म्हणून बादलीच्या दिवसानंतर पोळ्या मी करायचे, भांडी मी घासायचे, पाणी आलं की पाईप धरून मी उभी राहायचे.

आता बेटांचं. बेटं पाहिलीच नाहीत असं नाही. पण सावकाश पाहिली. नीलला, म्हणजे आताच्या शहीद द्वीपला, दोन दिवसांसाठी गेलो आणि समुद्र खवळला म्हणून बोटी बंद झाल्या, चार दिवस राहिलो. धक्क्यावर लोक फोनवर ओरडत होते, पॅकेज बुडालं म्हणून. आम्ही गावात शिरलो. त्या बेटावरच्या गावांची नावं ऐका: सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. पंचवटीत वाढलेल्या बाईला समुद्राच्या मधोमध ही नावं पाट्यांवर वाचून काय वाटलं, ते मला लिहिता येत नाहीये. पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना सरकारने तिथे वसवलं. जंगल तोडून त्यांनी शेती केली. आज पोर्ट ब्लेअरच्या बाजारात नीलची भाजी येते. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजीने तिचा वाफा दाखवला. दुधी, वांगी, मिरची, कडेला सुपारी. तिला हिंदी मोडकी यायची, माझी हिंदी नाशिकची, तरी दोघी तासभर वांग्यावरच्या किडीबद्दल बोललो. ओहोटी लागली की प्रवाळाच्या खडकांमधून चालत त्या नैसर्गिक पुलापर्यंत जाता येतं, गावातले लोक त्याला हावडा ब्रिज म्हणतात. पण ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते. चंद्र बघून जावं लागतं, गाईडचं घड्याळ बघून नाही. भरतीला पोचलेले लोक लांबून फोटो काढून परत जाताना आम्ही रोज पाहिले.

दिगलीपूर तर पॅकेजवाल्यांच्या यादीत सहसा नसतंच. पोर्ट ब्लेअरहून रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास, अख्खा दिवस जातो. मेव्हण्यांच्या ऑफिसातल्या एकांच्या घरी राहिलो. रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं वाळूच्या पट्ट्याने जोडलेली आहेत, भरती आली की पट्टा पाण्याखाली जातो आणि बेटं वेगळी होतात. कालीपूरच्या किनाऱ्यावर रात्री कासवं अंडी घालायला येतात. पहिल्या रात्री एकही आलं नाही. दुसऱ्या रात्री भाचा माझ्या मांडीवर झोपून गेला होता तेव्हा एक आलं. ऑलिव्ह रिडले. मागच्या पायांनी खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू ओढून घेते आणि मागे वळूनही न बघता पाण्यात जाते. डोळ्यांतून पाणी गळत असतं तिच्या. वनखात्याचा माणूस म्हणाला, ते अंगातलं जास्तीचं मीठ असतं. असेल. बहीण माझा हात धरून उभी होती आणि तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

त्याच रस्त्यावर मात्र माझं डोकं फिरलं. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबवून एकदम काफिल्यात सोडतात, कारण पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचं नाही, खायला द्यायचं नाही, फोटो काढायचा नाही, काढला तर गुन्हा. पाट्या लावल्यात, तोंडी सांगतात. तरी आमच्या पुढच्या गाडीतून मोबाईल बाहेर आलेच. उतरल्यावर मिडल स्ट्रेटच्या धक्क्यावर, आपली मराठी माणसं हो, एकमेकांना विचारत होती, "तुम्हाला दिसले का? आम्हाला दोन दिसले!" माणसं आहेत ती! हजारो वर्षं त्या जंगलात राहणारी, गेल्या शतकाच्या अगदी शेवटाशेवटापर्यंत बाहेरच्यांपासून लांब राहिलेली. त्यांचं घर आहे ते, आणि आपण त्यांच्या दारातून जातोय. यांना तोही एक पॉइंट! माझी बहीण चार वर्षांत तीनदा या रस्त्याने गेली आणि तिन्ही वेळा मान खाली घालून बसली. मला म्हणाली, "ताई, बाहेर नको बघूस. त्यांना नाही आवडत." मी नाही बघितलं. कुणी विचारलं की दिसले का, तर नाही दिसले, आणि मला त्याचं दुःख नाही.

असो. बादलीकडे येते.

त्या दिवशी संध्याकाळी मी मागच्या पायरीवर बसले होते. तिथे अंधार लवकर पडतो. नाशिक आणि पोर्ट ब्लेअरमध्ये जवळजवळ एकोणीस रेखांशांचं अंतर आहे, पण घड्याळ एकच. यांना फोन लावला की इथे साडेपाचला ऊन असायचं आणि तिथे दिवेलागण झालेली. तर ती आली. नारळ आणि खवणी घेऊन बाजूला बसली. माफी वगैरे काही नाही, मला म्हणाली, "धर जरा वाटी." मी धरली. खोबरं खवता खवता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा गेले तेव्हा मी पोचले, तोवर तुमचं रडून झालं होतं."

२०२२ चा ऑगस्ट. वडील गेले. ती निघाली, पण पावसाने विमान दोनदा रद्द झालं. तिसऱ्या दिवशी रात्री ती घरात शिरली. तेव्हा शेजारून आलेलं पिठलं आम्ही ताटात वाढून घेत होतो. मी तिला म्हणाले होते, "आधी दोन घास खाऊन घे." मला वाटलं होतं मी मोठी बहीण म्हणून काळजी घेतेय. ती म्हणाली, "मला जेवायचं नव्हतं ताई, मला कुणीतरी माझ्याबरोबर रडायला हवं होतं. तुम्ही सगळे पुढे गेला होतात." अस्थीसुद्धा त्याच सकाळी रामकुंडात सोडून झाल्या होत्या. कुठून कुठून लोक रामकुंडावर येतात, आणि आमच्याच घरची पोर तेवढी राहिली.

एवढी वर्षं हे तिच्या पोटात होतं. दर रविवारी फोन असतो आमचा. दर रविवारी "बाकी काय?" विचारते मी. बाकी हे होतं.

त्या रात्री आम्ही दोघी रडलो. स्वयंपाक मेव्हण्यांनी केला, त्यांनी दारातून बघितलं आणि काही न विचारता आत जाऊन कुकर लावला.

पहिल्या पाच दिवसांत तिने हे सांगितलं असतं का? नाव काढू नका. पाच दिवस यजमान दमेपर्यंत राबतो आणि पाहुणा हसत राहतो. आधी तिला माझ्यावर ओरडता आलं पाहिजे होतं. त्या दोन बादल्यांसाठी ती ओरडली तेव्हा मी तिच्या घरातली झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच सेल्युलर जेलला गेलो. तशी मी तिसऱ्या दिवशी एकदा सगळ्यांबरोबर जाऊन आले होते. सहलीच्या गर्दीत, कोठडीसमोर रांग, "पुढे चला, पुढे चला". नाशिकच्या माणसाला ती जागा वेगळी असते, हे इथल्या कुणाला समजावायची गरज नाही. भगूर आपल्यापासून किती लांब आहे? भगूरच्या एका घरातले दोन भाऊ, बाबाराव आणि तात्याराव सावरकर, त्या भिंतींच्या आत होते आणि सुरुवातीला त्यांना एकमेकांची भेटही मिळत नव्हती. मधला मनोरा, त्याला चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, आणि प्रत्येकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचा चेहरासुद्धा दिसू नये. आज त्यातल्या तीनच उभ्या आहेत. पहिल्या वेळी हे मी फक्त ऐकलं होतं. दुसऱ्यांदा आम्ही गच्चीवर तासभर बसलो, कुणाशी न बोलता. त्यांचं दुःख कुठे आणि आमचं कुठे, तुलना करायची माझी छाती नाही. पण एका छपराखाली भावंडांनी एकमेकांना न भेटणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी अंगावर आलं.

त्या ताईंना मी हे भाजीच्या गाडीपाशी कसं सांगणार होते? त्यांचाही दोष नाही, असं आता लिहिता लिहिता वाटतंय. त्यांना पुण्याला भाऊ आहे. म्हणाल्या होत्या मागे, की त्याच्याकडे गेलं की हॉटेलवर उतरतात, त्यांना त्रास नको म्हणून. सकाळी मला त्याचा राग येत होता. आता वाईट वाटतंय. त्या भावाला तरी विचारलंय का कुणी, त्रास नकोय का म्हणून?

घरात गादी टाकायला जागा नाही म्हणता, मग आपण सगळे दोन खोल्यांच्या वाड्यात वाढलो ते कसे? लग्नघरात जिन्याखाली सुद्धा माणसं झोपायची. जागा होती. आपण एकमेकांना अडचण मानत नव्हतो. आता दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एक खोली "गेस्ट"ची असते आणि त्या पलंगावर वर्षभर इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. माझ्याही घरी तेच. उद्या ती खोली मी रिकामी करणार आहे.

भाच्याची शाळा सुटली की मे महिन्यात ते येताहेत. राधानगरचा किनारा, बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा, चिडियाटापूचा सूर्यास्त, हे सगळं त्याने मला दाखवलं. आता मी त्याला सोमेश्वरचा धबधबा दाखवीन, मे महिन्यात पाणी असेल तेवढं. निफाडला मामीकडे आठ दिवस राहू सगळे, कांदे भरायला.

आणि आल्या आल्या पहिल्या पहाटे, गर्दी व्हायच्या आत, बहिणीला रामकुंडावर घेऊन जाणार आहे. दोघीच. २०२२ मध्ये मी जिथे उभी होते ती पायरी मला माहीत आहे. तिला वाटेल तेवढा वेळ आम्ही तिथे बसू.

तिची येण्याची तिकिटं काल काढली. परतीची अजून काढलेली नाहीत.