रिमोट सपोर्टचा शॉर्टकट कोणासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लिनक्सवर रिमोट सपोर्टच्या, म्हणजे दुसऱ्याचा संगणक दुरून पाहून हाताळण्याच्या, सॉफ्टवेअरसाठी डेस्कटॉपवर शॉर्टकट कसा करावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण नाशिक रोडला अनेक वर्षे संगणकदुरुस्ती करता, तेव्हा हे आक्षेप अनुभवातून आलेले आहेत. आपले म्हणणे थोडक्यात असे: लेखातील एक्झेकची ओळ, म्हणजे शॉर्टकटने कोणता प्रोग्राम उघडायचा हे सांगणारी ओळ, आपल्याकडे चाललीच नाही, ज्याला टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) एक आज्ञा देता येत नाही त्याला शॉर्टकट करून देणे म्हणजे त्याला कायमचे परावलंबी ठेवणे, आणि वयस्कर माणसाच्या डेस्कटॉपवर असे चिन्ह ठेवणे म्हणजे भामट्यांना दार उघडे करून देणे.

पहिला आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. होम फोल्डरसाठी मी त्या ओळीत टिल्डचे नागमोडी चिन्ह लिहिले होते. टर्मिनलमध्ये ते चालते, कारण तेथे त्या चिन्हाचा अर्थ शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, लावतो. डॉट डेस्कटॉप फाइलमधली, म्हणजे शॉर्टकटच्या फाइलमधली, एक्झेकची ओळ मात्र शेलकडे जातच नाही. त्यामुळे टिल्ड नावाचा फोल्डर शोधला जातो, तो सापडत नाही, आणि बहुतेक वेळा पडद्यावर काहीच न घडता सगळे शांत राहते. तेथे स्लॅश होमपासून सुरू होणारा पूर्ण मार्गच द्यावा लागतो, आणि मार्गात मोकळी जागा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा लागतो. लेखात आज दुरुस्ती केली आहे. आपला वेळ गेला त्याबद्दल मनापासून क्षमस्व.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मावशीच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट बसवून दिले आहे. ती त्यावर भजनी मंडळाचा हिशेब मराठीत लिहिते. सुरुवातीला मी आपण सुचवता तसेच केले होते: रस्टडेस्क हे रिमोट सपोर्टचे सॉफ्टवेअर सुरू करण्याच्या दोन आज्ञा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद लॅपटॉपशेजारच्या भिंतीवर चिकटवला होता. एका संध्याकाळी प्रिंटर अडला म्हणून तिचा फोन आला. मी सातपूरहून फोनवर एकेक अक्षर सांगत होतो आणि ती म्हणत होती, "अरे, म चा पाय मोडलेला दिसतोय." कळफलक इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीवरच राहिला होता, त्यात सी दाबले की म उमटतो आणि डी दाबले की हलन्त. फोल्डर बदलण्याची आज्ञा या दोन अक्षरांची, म्हणून पडद्यावर आले होते "म्". वीस मिनिटांनी तिनेच सांगितले की आता राहू दे, उद्या ये. मावशीने चाळीस वर्षे शाळेत शिकवले आहे, तिला शिकण्याचा कंटाळा मुळीच नाही. पण ज्या क्षणी मदत मागावी लागते, त्या क्षणी आधीच काहीतरी बिघडलेले असते आणि माणूस गोंधळलेला असतो. शिकवणी त्या वेळी द्यायची नसते. ती मी रविवारी तिच्या शेजारी बसून देतो, आणि टर्मिनलही तिला हळूहळू दाखवतो आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्यावर मी लेखात पुरेसे लिहिले नव्हते. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या रिमोट सपोर्टच्या ॲपच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. त्या फसवणुकीत ग्राहकाला फोन करून ॲप उतरवायला लावतात आणि पडद्यावर आलेला नऊ आकडी क्रमांक त्याच्याकडूनच काढून घेतात. म्हणजे दार उघडते ते क्रमांक सांगितल्याने. चिन्ह आधीपासून नसले तरी भामटा ते ॲप उतरवून घेतोच. तरीही चिन्ह तयार असेल तर त्याची एक पायरी वाचते, हे आपले म्हणणे खरे आहे.

म्हणून मी काय केले आहे ते सांगतो. रस्टडेस्क मी तिच्याकडे इन्स्टॉल केलेले नाही, त्याची ॲपइमेज, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारी, फाइल ठेवली आहे. त्यामुळे लॅपटॉप सुरू होताच पार्श्वभूमीवर चालणारी सेवा तेथे नाही. कायमचा पासवर्ड ठेवलेला नाही, समोरच्याची विनंती तिने पडद्यावर स्वतः स्वीकारल्याशिवाय जोडणी होत नाही. काम झाल्यावर प्रोग्राम खरोखर थांबला की नाही हे आम्ही सिस्टीम मॉनिटरमध्ये पाहतो. माझ्या मते आपल्या व्यवसायात सर्रास दिसणारी पद्धत, म्हणजे सेवा कायम चालू ठेवून एकच पासवर्ड सगळ्या गिऱ्हाइकांना लावणे, ही शॉर्टकटपेक्षा कितीतरी धोक्याची आहे. शिवाय डॉट डेस्कटॉप फाइलमध्ये नेमच्या, म्हणजे चिन्हाखालच्या नावाच्या, ओळीत देवनागरी चालते. तिच्या चिन्हाखाली रस्टडेस्क असे लिहिलेले नाही. तेथे लिहिले आहे, "आधी भाच्याला फोन". आमचा नियमही तोच आहे: फोन नेहमी तिच्याकडून माझ्याकडे येईल, मी कधीही फोन करून तिला ते चिन्ह दाबायला सांगणार नाही. पैसे गेल्याचा संशय आला तर फोन करायचा 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक त्याच भिंतीवर, जुन्या कागदाच्या जागी लावला आहे.

ओळ दुरुस्त करूनही आपल्याकडे काही उघडले नाही, तर आधी लिनक्सची आवृत्ती पाहावी. उबंटू 22.04 पासून ॲपइमेज चालण्यासाठी लागणारी फ्यूजची जुनी लायब्ररी (पूरक फाइल) आधीपासून बसवलेली नसते. तीच फाइल एकदा टर्मिनलमधून चालवली की फ्यूज नसल्याचा संदेश दिसतो. उबंटूत डेस्कटॉपवरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून अलाऊ लाँचिंगही निवडावे लागते. ॲपइमेजच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो, त्यामुळे नवी आवृत्ती आणली की शॉर्टकट तुटतो. मी फाइलचे नाव नुसते रस्टडेस्क असे करून ठेवतो, म्हणजे एक्झेकची ओळ पुन्हा हलवावी लागत नाही. यानंतरही अडले तर टर्मिनलमधला संदेश जसाच्या तसा येथे लिहावा, मी त्याच दिवशी पाहीन.