सावकाश होऊ द्या

परवा रविवारी दुपारी पेठेतल्या एका खानावळीत मी जेवत होतो आणि माझ्या खुर्चीची पाठ धरून एक आजोबा उभे होते. मी दिवसातून दोनदाच जेवणारा माणूस. त्यात योगाच्या बाईंनी सांगितलेलं, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा. तेवढंच करत होतो.

"काय हो, दात नवीन बसवलेत का?"

मी मानेनंच नाही म्हटलं. चावताना बोलायचं नाही, हाही बाईंचाच नियम.

"नाही, माझे बसवले तेव्हा मीही असाच खायचो." मग दारातल्या रांगेकडे बघून, "अगं, यांची अजून पहिलीच पोळी चाललीय!"

"ताक घेणारेत का विचारा," आजी तिकडून.

"ताक घेणार?"

घास गिळून मी म्हटलं, "काका, पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण 20 मिनिटं लागतात."

"का? मेंदू काय हडपसरला राहतो?"

रांग हसली. वाढपीही हसला आणि "साहेब, भात आणू?" म्हणाला. पोळी संपायच्या आत भात विचारला की उठा म्हणायचं काही बाकी राहत नाही. मी भेंडीकडे वळलो. भेंडी बत्तीस वेळा चावून बघा एकदा. विसाव्याच्या पुढे तोंडात भाजी नसतेच, नुसती निष्ठा उरते. त्यात काका मोठ्यानं मोजायला लागले.

एरवी या गावात आरोग्यावर बोलायला सगळ्यांना वेळ असतो. दीक्षित की दिवेकर यावरून आमच्या सोसायटीत दोन तट पडले होते. दर 2 तासांनी खाणारे आणि 2 वेळाच खाणारे जिन्यात एकमेकांचं पोट बघून पुढे जायचे. मी दीक्षितांचा. त्यांनी एका जेवणाला 55 मिनिटं दिलीत! उपाशी पेशी स्वतःच्याच आतला कचरा मोडून कसा वापरते, हे शोधल्याबद्दल जपानच्या ओसुमींना 2016 साली नोबेल मिळालं. पण त्यांचे प्रयोग यीस्टवर. यीस्टची खुर्ची धरून कोण उभं राहतंय?

काकांनी भिंतीवरची पाटी दाखवली: 'जेवण झाल्यावर टेबल अडवू नये.'

"माझं झालेलं नाही."

"आज होईल का?"

खरं तर भराभर गिळणारा पाच पोळ्या रिचवून जातो, मी दोनात उठतो. पैसे दोघांचे सारखेच. म्हणजे खानावळीचं भलं माझ्यामुळे होतं. पण मालकाचं लक्ष घड्याळावर, पोळ्या कोण मोजतो! आणि सावकाश जेवायला घरी काय होतं, असं विचारणाऱ्यांनी रविवारी आमच्या घरी यावं. तिथे टीव्ही असतो.

शेवटी उठलो. अर्धी पोळी, वरण आणि न शिवलेला भात ताटात तसाच. काका बसले, माझ्या ताटाकडे बघून त्यांनी मान हलवली.

"अन्न टाकू नये हो. पूर्णब्रह्म असतं ते."

मी काही बोललो नाही. गल्ल्यावर थाळीच्या बिलात 20 रुपये जास्त लावलेले होते, अन्न टाकल्याचे. "भात मी मागितलाच नव्हता," म्हटलं, तर मालक म्हणाले, "जरा बाजूला होता का? मागे लोक थांबलेत."